घरांतील कोळी आणि त्याचें भय

शेतकीच्या मासिकांत कोळ्यावरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. पिकावरील लाल कोळ्याचा विषय असता तर गोष्ट निराळी. त्याविषयीं आपण सर्वजण वाचतों व बोलतों. परंतु आज आम्ही ज्या कोळ्याविषयीं लिहीत आहों, तो घराच्या आढ्याला जाळें विणणारा, माजघराच्या भिंतीवरून धांवणारा आणि घरांतील निम्म्या मंडळीस किंकाळी फोडावयास लावणारा आठ पायांचा प्राणी होय. त्याचें भय वरवर पाहतां हंसण्यावारी नेण्याजोगें दिसतें. पण महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्ही गांवोगांव फिरलों, पुष्कळांच्या घरीं उतरलों, आणि या भयापायीं काय काय घडतें तें पाहत आलों. त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, शेतकऱ्याच्या घरांत हें भय इतर घरांपेक्षां महाग पडतें.

कारण उघड आहे. शहरांतील मनुष्य कोळ्यास भ्याला तर झाडू घेईल. शेतकऱ्याच्या पडवींत पिकावर फवारावयाच्या औषधाची बाटली असते, आणि भ्यालेल्या माणसाचा हात तिच्याकडे जातो. कपाशीवर मारावयाचें औषध निजावयाच्या खोलींत, मुलाच्या पाळण्यावरच्या आढ्याला, धान्याच्या कणगीमागें मारलेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. तें उघड्या शेतांत झालें. दारेंखिडक्या लावलेल्या खोलींत तेंच औषध काय करील याचा विचार ज्याचा त्यानें करावा. दुसरा एक प्रकार पेटत्या चुडीचा. जळमटें जाळण्यासाठीं वर धरलेली चूड गवती छपरास लागून एका शेतकऱ्याचें अर्धें घर गेलें; शेजाऱ्यांनीं विहिरीचें पाणी वेळेवर ओढलें म्हणून गोठा तेवढा वांचला.

याहून मुकाट्यानें होणारें नुकसान निराळेंच. एका सुखवस्तु घरांतील सून कोठीच्या खोलींत पाऊल टाकीत नसे. तांदूळ काढावयास प्रत्येक वेळीं सासूबाईंस उठावें लागे, आणि त्यावरून रोज कुरबूर होई. कोणी तिला आळशी म्हणे, कोणी नाटकी म्हणे. पहांटे चारला उठून सबंध गोठा ती एकटी आवरीत असे, हें कोणाच्या ध्यानीं येत नसे. कोठींत कोळी होते, एवढेंच कारण. पण तें सांगण्याची तिला लाज वाटे.

प्रथम नांवाचा घोळ काढून टाकूं. पिकावरील लाल कोळी, नारळावरील कोळी वगैरे ज्यांस आपण म्हणतों ते वनस्पतींचा रस शोषणारे अतिसूक्ष्म जीव होत. त्यांपैकीं लाल कोळ्यासही आठ पाय असतात, आणि हे सर्व खऱ्या कोळ्याचे दूरचे भाऊबंद खरे. परंतु दोघांचा सातबारा निराळा. घरांत व शेतांत जाळीं करणारा किंवा शिकार करीत हिंडणारा खरा कोळी पानाच्या वाटेस जात नाहीं. तो किडे खातो. तो स्वतः किडाही नव्हे. किड्यास पाय सहा व शरीराचे भाग तीन. कोळ्यास पाय आठ व भाग दोन. पंख नाहींत, डोक्यावर मिशा नाहींत. जगांत आजवर कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं आपल्या घरांत नेहमीं दृष्टीस पडणारे कोळी तीन तऱ्हांचे, आणि भिणाऱ्या माणसानें निदान हे तीन तरी ओळखावे असें आम्हांस वाटतें. कारण ओळखीच्या प्राण्याचें भय अनोळखीपेक्षां कमी असतें.

पहिला लांब पायांचा. आढ्याच्या कोपऱ्यांत विसकटलेलें जाळें करून हा उलटा लोंबकळत असतो. पाय केसासारखे बारीक, अंग गव्हाच्या दाण्याहून लहान. जाळ्यास धक्का लागला तर हा अंग गरगर हलवूं लागतो, इतकें कीं तो डोळ्यांस धूसर दिसतो. पुष्कळांस वाटतें हा अंगावर येण्याची तयारी करतो आहे. वस्तुतः तो स्वतःच भ्यालेला असतो, आणि शत्रूस आपण नीट दिसूं नये म्हणून हें करतो. यांची मादी अंड्यांचा पुंजका तोंडांत धरून राहते. डांस, माशा, आणि प्रसंगीं दुसरे कोळीही, हें यांचें अन्न.

दुसरा मोठा चपटा. सर्व भय मुख्यतः याचेंच. पाय पसरले म्हणजे हा तळहाताएवढा दिसतो. रंग तपकिरी, चाल तिरकी व विजेसारखी. हा जाळें विणीत नाहीं. रात्रीं झुरळांची शिकार करतो. मादीच्या पोटाखालीं पांढरी, चपटी, नाण्यासारखी अंड्यांची पिशवी असते. दिवा लावतांच हा धांवतो तो अंधाऱ्या फटीकडे. ती फट आपल्या पाठीमागें असली म्हणजे तो आपल्यावरच चालून आला असें वाटतें.

तिसरा बुटका, उडी मारणारा. खिडकीच्या चौकटीवर व भिंतीवर भर दिवसां माशा मारतो. याचे पुढचे दोन डोळे मोठे असतात, आणि आपण हाललों कीं हा वळून आपल्याकडे पाहतो. उडीची गंमत अशी कीं, कोळ्याचे पाय सरळ होतात ते स्नायूच्या ओढीनें नव्हे, तर आंतील द्रवाच्या दाबानें. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशीं आखडलेले दिसतात त्याचें कारण हेंच. दाब गेला कीं पाय मिटतात.

बहुतेक सर्व कोळ्यांस विष असतें हें खरें. परंतु घरांतील या तीन प्रकारच्या कोळ्यांचें विष माशीस किंवा झुरळास लुळें करण्यापुरतें असतें. मोठ्या चपट्या कोळ्यास हातांत दाबलें, किंवा अंडीं असलेल्या मादीस छेडलें, तर तो चावतो. त्या जागीं दुखतें, थोडी सूज येते, व ती उतरते. रानांत बिळांत किंवा झाडाच्या ढोलींत राहणारा केसाळ मोठा कोळी मात्र निराळा. त्याच्या दंशानें बराच त्रास होतो, त्यास हात लावूं नये. खरें भय बाळगावयाचें असेल तर सर्पाचें व विंचवाचें बाळगावें. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोंकणांतील लाल विंचवाचा दंश पूर्वीं किती घातक होता हें तिकडील वाचक जाणतात, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून असंख्य रोगी वांचविले, व २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. चपलेंत, सर्पणांत, अंथरुणांत विंचू पाहण्याची संवय मुलांस लावणारे आईबाप शहाणे. तेवढ्याच जोरानें कोळ्याची बागुलबुवासारखी धास्ती घालणारे मात्र मुलांची सावधगिरी भलत्या खात्यांत खर्ची घालतात.

खेड्यांत अंगावर फोड उठले कीं “कोळी मुतला” असें म्हणण्याची चाल आहे. या समजुतीनें कोळ्याची जेवढी बदनामी केली तेवढी दुसऱ्या कशानेंही केली नसेल. कोळी अंगावर मूत शिंपडीत नाहीं. हे फोड पुष्कळदां दुसऱ्याच एका किड्याचें काम असतें. पावसाळ्याच्या दिवसांत दिव्यावर एक बारीक, लांबट, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा किडा येतो. तो अंगावर चिरडला गेला कीं त्यांतील पेडेरिन नांवाचें दाहक द्रव्य कातडीस लागतें, आणि एक-दोन दिवसांनीं तांबडा पट्टा व फोड दिसूं लागतात. तोंवर किड्याचा पत्ता नसतो. भिंतीवर कोळी मात्र बसलेला असतो, आणि आळ त्याच्यावर येतो. हा किडा अंगावर बसल्यास चिरडूं नये, फुंकरीनें उडवावा, व जागा साबणानें धुवावी. फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूस असून आंतून ठणका लागत असेल तर ती नागीण असूं शकते. तेव्हां कोळ्याचा उतारा काढीत न बसतां तीन दिवसांच्या आंत डॉक्टर गांठावा, कारण तिच्यावरील औषध लवकर दिलें तरच चांगलें लागू पडतें. याउलट कापलेल्या बोटावर कोळिष्टक दाबण्याची जी जुनी चाल आहे, ती कोळ्याविषयींच्या विश्वासाची असली तरी सोडावी. आढ्यावरील कोळिष्टकांत धूळ व काजळी असते. जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी व धनुर्वाताची सुई घ्यावी.

आतां भयाविषयीं. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हें, पण या बाबतींतील मुख्य गोष्टी कळावयास पांडित्य लागत नाहीं. २०१७ सालीं युरोपांतील संशोधकांनीं सहा महिन्यांच्या तान्ह्या मुलांस फुलांचीं व कोळ्यांचीं चित्रें दाखविलीं. कोळ्याचें चित्र पाहतांना मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या अधिक विस्तारल्या. म्हणजे या आकाराकडे चटकन् लक्ष जाणें हें कांहीं अंशीं जन्मतःच असावें. परंतु लक्ष जाणें निराळें व भय बसणें निराळें. भय पुष्कळ वेळां थोरांच्या चेहऱ्यावरून मुलांच्या मनांत उतरतें. आई किंचाळली कीं मूल कोळ्याकडे पाहत नाहीं, आईच्या तोंडाकडे पाहतें, आणि धडा तेथेंच पाठ होतो.

एकदां बसलेलें भय जात कां नाहीं? याचें उत्तर आम्हांस आमच्याच दप्तरांत सांपडतें. दुष्काळांत सरकार महसुलास तहकुबी देतें, तेव्हां रक्कम माफ होत नाहीं. ती पुढील सालच्या खात्यांत उभी राहते. सूट ही निराळी गोष्ट आहे. कोळी दिसतांच पळ काढणें ही भयाची तहकुबी होय. त्या क्षणीं जीव हलका होतो, पण “पळालों म्हणून वांचलों” अशी मनाची खात्री होते, व पुढल्या वेळीं बाकी दुप्पट होऊन उभी राहते. उलट मनुष्य तेथेंच थांबला तर भय कांहीं वेळ चढतें, आणि मग आपोआप उतरूं लागतें. तें अमर्याद चढत नाहीं. हें स्वतः अनुभवल्यावांचून कोणाचेंही भय गेलेलें नाहीं. ‘भितोस काय’ असें शंभरदां सांगून तर मुळींच नाहीं.

परदेशांत यावर पद्धतशीर काम झालें आहे. अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं सुमारें तीन वर्षांच्या एका मुलाची सशाची भीति अशी घालविली कीं, मूल आवडीचें खात असतां पिंजऱ्यांतील ससा दूर ठेवीत व रोज थोडा जवळ आणीत. ही हकीकत त्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत सौम्य भयापासून तीव्र भयापर्यंत पायऱ्या पाडून चढण्याची रीत मांडली. स्वीडनमधील लार्स-योरान ऊस्ट यांनीं १९८९ सालीं असें दाखविलें कीं, जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखालीं कोळ्यासारख्या एखाद्या वस्तूचें भय एकाच बैठकींत, फार तर तीन तासांत, बहुतांशीं घालवितां येतें.

आम्हांस तीन तासांची घाई नव्हती. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या, वय वर्षें अकरा, संध्याकाळीं न्हाणीघरांत जात नसे. तेथील हंड्यामागें एक मोठा चपटा कोळी राहत होता. तिच्या वडिलांचा विचार तिला आंत कोंडून कडी लावावी असा होता. आम्हीं तो मोडून काढला व तीन आठवडे मागितले.

उपचारक लोक भय शून्य ते शंभर असें मोजावयास सांगतात. आमचा जन्म पिकांची पैसेवारी करण्यांत गेला, तेव्हां आम्हीं मुलीस भयाची पैसेवारी सांगावयास शिकविलें. पन्नास पैशांच्या खालीं आल्यावांचून पुढील पायरी घ्यावयाची नाहीं, असा नियम ठरला. पहिल्या दिवशीं तिनें कागदावर कोळी काढला. पाय सहाच काढले. आम्हीं दोन वाढवून घेतले. पैसेवारी वीस. दुसऱ्या दिवशीं मोबाईलवरील चित्रें. पंचावन्न, मग तीस. चवथ्या दिवशीं पडवीच्या कोपऱ्यांतील लांब पायांचा कोळी दहा हातांवरून पाहावयाचा होता. पैसेवारी एकदम ऐंशी. मुलीचे हात गार पडले.

“तात्या, तो माझ्याचकडे बघतोय.”

“बघूं दे, बाळ. आपणही त्याच्याकडे बघूं.”

एक पाऊल मागें सरकण्याची मुभा होती. उंबरा ओलांडण्याची नव्हती. आम्ही बाजूस बसून दर पांच मिनिटांनीं आंकडा विचारीत होतों, आणि वहींत टिपीत होतों. ऐंशी, पंचाहत्तर, साठ, पुन्हां पासष्ट, पंचेचाळीस. अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशीं त्याच अंतरावर आरंभच पन्नासास झाला. पुढें रोज दोन हात जवळ. खिडकीवरील बुटक्या कोळ्याशीं तिचें लवकर जमलें. त्यानें माशीवर झेंप घालतांना पाहून ती प्रथमच हंसली, व भिंतीवर गस्त घालतो म्हणून तिनें त्यास ‘कोतवाल’ असें नांव दिलें. एका सायंकाळीं हंड्यामागचा मोठा कोळी अकस्मात् दारापर्यंत धांवत आला, मुलगी ओरडली, आणि आंकडा नव्वदावर गेला. असें होतें. आम्ही दोन पायऱ्या खालीं उतरलों व तेथून पुन्हां चढलों. या वेळीं पूर्वींच्या निम्मे दिवस लागले.

शेवटली पायरी कांचेच्या पेल्याची. कोळी भिंतीवर स्थिर असतां आम्हीं त्यावर पेला उपडा ठेवला. पेला रुंद तोंडाचा घ्यावा, नाहींतर पाय कडेखालीं सांपडतो. भिंत व पेला यांमधून जाड पुठ्ठा मुलीनें स्वतः सरकविला. पैसेवारी साठ होती, पण हात थांबला नाहीं. मग पेला उचलून तिनें त्याचे डोळे भिंगानें मोजले. आतां ती न्हाणीघरांत जाते. कोळी हातावर घ्यावयास ती तयार नाहीं, व आम्हीं तसा आग्रहही धरला नाहीं. कोळी कोणाच्या हातावर बसावा असें कोळ्यासही वाटत नसेल.

हीच रीत मोठ्या माणसास लागू आहे. फक्त पायऱ्या भिणाऱ्यानें स्वतः ठरवाव्या व दुसऱ्यानें साथ करावी. थट्टेनें अंगावर कोळी टाकणारे दीर-भाऊ घरोघर असतात; त्यांच्या एका थट्टेनें महिन्याची मेहनत वायां जाते, म्हणून त्यांस आधींच बजावून ठेवावें. कोळ्याच्या नुसत्या विचारानें छातींत धडधड होते, झोंप उडते, किंवा हृदयविकाराचा रोगी आहे, असें असेल तर घरगुती प्रयोग न करितां जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींत बोलतां येतें.

कोळी प्रिय वाटूं लागला तरी घर जळमटांनीं भरूं द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें सांगितलेल्या चोवीस गुरूंत कोळीही आहे. त्याची पोथी वाचून होतांच घरची मंडळी लांब काठीच्या झाडूनें त्या गुरूस आढ्यावरून उतरवितात, आणि तें योग्यच आहे. पण दसऱ्याच्या आधीं एकदां झाडून वर्षभर कोळी येऊं नये अशी अपेक्षा व्यर्थ. कोळी येतो तो किड्यांमागें. दारावरचा पांढरा प्रखर दिवा काढून मंद पिवळा लावला तर किडे कमी येतात. भिंतीच्या भेगा चुन्यानें बुजवाव्या, सर्पणाची रास व रिकामीं पोतीं घराच्या भिंतीस टेकून ठेवूं नयेत; यानें विंचूही दूर राहतो. उष्टींखरकटीं रात्रभर पडूं दिलीं नाहींत तर झुरळें घटतात, आणि मोठा चपटा कोळी आपण होऊन दुसरें घर पाहतो.

शेतांतील कोळ्याचा विषय मोठा आहे; येथें एकच गोष्ट सांगतों. भाताच्या खांचरांत बुडख्याशीं जो करडा, चपळ कोळी धांवतांना दिसतो, तो तपकिरी तुडतुड्यांचा मोठा शत्रु आहे. इंडोनेशियांत भातावर सरसकट औषधें मारल्यानें हे कोळी व इतर मित्रकीटक मेले, आणि तुडतुडे अनावर झाले. अखेर १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावर सत्तावन्न कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. ज्या मुलास घरांतील कोळी दिसतांच औषधाची बाटली आठवते, तोच पुढें शेत पाहणार आहे, म्हणून हा लेख या मासिकांत.

पेल्यांत धरलेला मोठा कोळी सायंकाळीं बांधावर किंवा गोठ्यामागें सोडावा. भर उन्हांत सोडूं नये, पांखरें टिपतात. लांब पायांच्या कोळ्याचा निर्वाह मात्र आडोशासच होतो. त्यास कोठीच्या किंवा गोठ्याच्या आढ्याला लावून द्यावा; गोठ्यांत डांसांस तोटा नसतो.